धाऊचा पंप आणि सकुबाईचे नेचे

मी एक जुना फवारणी पंप आहे. पाठीवर घ्यायचा, हाताने दांडा हलवायचा, तसला. वॉशर झिजल्यामुळे मला एका दमात बोलता येत नाही. मध्येच अडलो, तर मित्रांनो, दांडा हलवा.

किन्हवलीच्या धाऊने मला भातासाठी आणलं. बारा पावसाळे मी त्याच्या पाठीवर काढले. "असा फवारा तालुक्यात नाय," असं तो बांधावर कुणालाही ऐकवायचा. मग बॅटरीवरचा पंप आला आणि मी माळ्यावर

(दांडा हलवा.)

गेलो. दोन वर्षं उंदरांनी माझे पट्टे कुरतडले.

खाली उतरवलं ते धाऊच्या बायकोने, सकुबाईने. घरामागे फणसाच्या गार सावलीत तिने शोभेचे नेचे लावले होते. नेच्यांना धार सोसत नाही, धुकं लागतं. तिने मला घासून धुतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात नुसतं विहिरीचं पाणी आलं. किती हलकं वाटलं म्हणून

(दांडा.)

सांगू.

मुरबाडच्या एका बागेने तिच्याकडे चाळीस कुंड्या मागितल्या. तिची ही पहिलीच मागणी. रविवारी टेम्पो येणार होता. शुक्रवारी धाऊने सहज एक पान उलटलं. खाली तपकिरी ठिपके.

"करपा आला की रे," तो स्वतःशीच म्हणाला. सकुबाई विहिरीवर होती. तिला मदत म्हणून त्याने भाताचं औषध माझ्यात ओतलं आणि मला पाठीला लावलं. त्या औषधाने नेच्यांची कोवळी पानं जळून गेली असती. पण पंपाला ओरडता कुठे येतं? त्याने दांडा

(नको. आता हलवू नका.)

धरला, तेवढ्यात सकुबाई हंडा घेऊन आली.

"आवो, थांबा. ह्ये बघा आधी." तिने पान त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. ठिपके दोन सरळ रांगांत बसले होते. "इतकी वर्सं शेती केली तुमी. करपा कदी दोरी धरून येतो काय?"

धाऊने पान नीट न्याहाळलं. "नाय."

"ती त्याची पिल्लां हायेत. ती झडतात, त्यातून नवे नेचे येतात."

"मंग आधी बोलली का नाय?"

"तुमी कदी इचारला?"

शेतात खराच करपा होता. ते औषध तिथे मारून आल्यावर तिने धाऊला मला धुवायला बसवलं. दोन पाण्यांनंतर तो उठू लागला. तिने माझ्या तोंडाशी नाक नेलं. "अजून एक."

रविवारी चाळीसही कुंड्या टेम्पोत चढल्या. निघताना धाऊनेच फवारा मारला.

शेजारच्या देवजीने विचारलं, "काय रे, कीड पडली काय?"

"नाय रे. पोरी सासरी चालल्यात, तोंडं धुवून देतो."

मित्रांनो, औषध मारण्याआधी पान उलटून नीट बघा. आणि काम झालं की पंप लगेच धुवा. दोन पाण्यांनी वास जात नाही. कंटाळा आला तरी तिसरं घाला.