अरुंद टेबलाचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनं, अरुंद टेबल आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ते तुमच्या लक्षात येणारच आहे.

माझा जन्म आकडेवारीच्या सरकारी कार्यालयात झाला. तिथली तळमजल्यावरची बैठकीची खोली फारच चिंचोळी होती, म्हणून सुताराला मलाही तसंच करावं लागलं. समोरासमोर बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांवर आपटतील, असं तो काम संपेपर्यंत कुरकुरत होता. पण लाकूड चांगलं होतं आणि त्याचा हात सुबक, त्यामुळे मी दिसायला देखणा झालो.

त्या खोलीत काय चालायचं, ते सांगतो. शाळा कुठे हवी, दवाखाना कुठे हवा, हे ठरवायला देशाला आकडे लागतात. शेतीखातं पिकं मोजतं, आरोग्यखातं आजार मोजतं, शिक्षणखातं मुलं मोजतं, आणि प्रत्येकाचा आपापला सवतासुभा. म्हणून दर काही वर्षांनी सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि कोण, काय, कधी, कोणत्या गावात मोजणार ते ठरवायचं. त्याला राष्ट्रीय सांख्यिकी आराखडा असं भारदस्त नाव आहे. ही सगळी जुळवाजुळव ज्या अधिकारी करत, त्यांना अख्खं कार्यालय जुळवणीबाई म्हणायचं.

माझ्याभोवती बसणाऱ्यांना एक खोड लागली होती. मी इतका अरुंद, की समोरच्याचे कागद अगदी नाकासमोर यायचे. मग बोलता बोलता माणसं ते उलट्या बाजूने वाचायची. शेतीखात्याचे साहेब यात पटाईत. आरोग्यखात्याच्या डॉक्टरीणबाई कागदांवर हात ठेवायच्या, तर हे बोटांच्या फटीतून वाचायचे. "त्याच गावात आम्हीही चाललोय की," असं कुणीतरी म्हणायचं, थोडी वादावादी व्हायची आणि शेवटी दोन्ही खात्यांची माणसं एकाच गाडीतून त्या गावाला जायची. नाव व्हायचं जुळवणीबाईंचं. मला मात्र माझ्या अरुंदपणाची लाजच वाटायची.

पुढे परदेशी पाहुण्यांनी दिलेल्या पैशांतून वरच्या मजल्यावर सभागृह झालं आणि त्यात नवं टेबल आलं. लांबरुंद, अंडाकृती, तोंड दिसेल इतकं चकचकीत. प्रत्येक खुर्चीपुढे लाल दिव्याचा माईक. मला उचलून मागच्या बोळात टाकलं. माझ्यावर पाण्याचं पिंप आणि पेले आले, आणि माझ्या पायावर कोणीतरी खडूने लिलावाचा क्रमांक टाकला.

माझा नुसता तिळपापड झाला. जिना उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी त्याचंच कौतुक! शिपाईकाका स्वच्छ फडक्याने त्याला पुसत आणि फडकं मळलं, की खाली येऊन तेच माझ्यावर मारत. त्याच्यावर पहिल्यांदा कॉफी सांडली, त्या दिवशी मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. डाग पडला नाही हे ऐकल्यावर पुन्हा तोंड कडू झालं.

वरच्या बैठकांची हकिकत शिपाईकाका पिंप भरताना कोणाला ना कोणाला सांगत. तिथे म्हणे भांडण नावालाही नाही. ज्याची पाळी तो लाल दिवा लावून आपलं वाचतो, बाकीचे माना डोलावतात. पलीकडच्याचे कागद कोणाला दिसतच नाहीत. आराखडा झटपट तयार झाला आणि एका डोंगराळ भागात तो आधी राबवून पाहायचं ठरलं.

तिथेच घोटाळा झाला. एकाच गावात, एकाच आठवड्यात तिन्ही खात्यांची पथकं वेगवेगळी जाऊन धडकली. एका घरच्या सूनबाईंनी तिसऱ्या पथकाला दारातच विचारलं, "परवा सांगितलं, काल सांगितलं. तेवढ्यात आमच्या घरात कोण वाढणार?" एकाच गावाच्या लोकसंख्येचे तीन आकडे आले. त्या गावाला दवाखाना मिळायचा होता. कोणता आकडा धरायचा ते ठरेना, म्हणून तो अडकला. आकडे जुळले नाहीत तर दवाखाना दुसरीकडे जाईल, असं जुळवणीबाईंना वरिष्ठांनी बजावलं.

मला गावाचं वाईट वाटलं. पण त्या चकचकीत टेबलाची फजिती झाली, याचं सुख त्याहून मोठं होतं.

बाईंनी पुन्हा बैठक बोलावली. सकाळभर प्रत्येकाने आपलाच आकडा बरोबर असल्याचं माईकवर सांगितलं. मधल्या सुट्टीत मंडळी पाणी प्यायला खाली बोळात आली. डॉक्टरीणबाईंनी हातातले कागद माझ्यावर ठेवून पेला भरला. माझ्या दुसऱ्या बाजूला शेतीसाहेब उभे होते. त्यांची खोड काही गेली नव्हती.

"अहो, शहरात गेलेला मुलगा तुम्ही घरात धरलाय?" त्यांनी विचारलं.

"धरणारच. आजारी पडला की तो घरीच येतो. तुम्ही नाही धरला?"

"तो शेतात राबत नाही. मी कशाला धरू?"

जुळवणीबाईंनी पेला तसाच खाली ठेवला. त्या शिपाईकाकांना म्हणाल्या, "हे पिंप उतरवा. आणि खुर्च्या इथेच आणा."

मग शिक्षणखात्यालाही खाली बोलावलं. त्या दिवशी बोळात गुडघ्याला गुडघे लागले, आवाज चढले, कागद इकडचे तिकडे झाले. घरातलं माणूस कोणाला म्हणायचं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून ठरवलं. गावात पुन्हा जायचं ते एकच पथक घेऊन, हेही ठरलं. पुढे दवाखाना त्याच गावाला मिळाला. त्या संध्याकाळी निघताना जुळवणीबाईंनी आपला रुमाल ओला केला आणि माझ्या पायावरचा लिलावाचा क्रमांक पुसून टाकला. मला भरून आलं.

आराखड्यावर सह्या मात्र वरच झाल्या. फोटोत बरं दिसतं म्हणे! तो फोटो माझ्यासमोरच्याच भिंतीवर लावला आहे. त्यात ते टेबल झळकतं आहे, आणि त्याच्या दोन टोकांना शेतीसाहेब आणि डॉक्टरीणबाई इतक्या लांब बसले आहेत, की कोणी कोणाचं काही वाचू शकणार नाही. मी रोज तो फोटो पाहतो आणि रोज जळतो.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कुठेतरी बैठकीला बसाल. तेव्हा एकमेकांचे कागद दिसतील इतक्या जवळ बसा. माझ्यासारखी जुनी टेबलं भंगारात काढू नका, अधूनमधून पुसत जा. फक्त फडकं आधी माझ्यावर फिरवा आणि मग वर न्या.