डाव्या सिग्नलची घाई

या मित्रांनो, जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, कारण माझा आवाज बारीक आहे. मला उजेडाने बोलायची सवय. एक गोष्ट सांगतो. हिच्यात राक्षस नाही की तलवार नाही. एका घरात राहणारी आणि एकमेकांचं वाईट व्हायची वाट बघणारी दोन माणसं आहेत, आणि त्या दोघांच्या मध्ये उभी असलेली एक जुनी गाडी आहे.

मी एक जुना दिवा आहे. गाडी वळताना नारिंगी रंगात उघडझाप करतो ना, तो सिग्नलचा दिवा. काचेचं गोल पोट, पितळेची कंबर, कमरेला दोन बाजूंनी दोन बारीक खुंट्या आणि पोटात केसाहून बारीक तार. कारखान्यात आम्ही हजारोंनी पट्ट्यावरून सरकत होतो. शेवटी बसलेली एक बाई प्रत्येकाला क्षणभर पेटवून बघायची आणि पुढे ढकलायची. तिचं ते ढकलणं हे माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक. मग मला आणि आणखी एकाला एकाच खोक्यात शेजारी शेजारी ठेवलं. तो माझा जोडीदार. त्याचं नाव तुम्ही लक्षात ठेवा असं म्हणालो असतो, पण आम्हाला नावं नसतात.

आम्हाला घरी आणलं ते मालकांनी. दिवे बदलायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. गाडी बंद करायची, किल्ली खिशात टाकायची, जुना दिवा गार होईपर्यंत थांबायचं. नवा दिवा धुतलेल्या रुमालात धरायचा, म्हणजे बोटांचं तेल काचेला लागत नाही. मग हळूच आत दाबायचा आणि किंचित फिरवायचा, की खुंट्या आपल्या खाचेत बसतात. त्या दिवशी डाव्या बाजूचा एकच दिवा गेला होता, पण मालकांनी दोन्ही बदलले. जोडीने काम करणाऱ्यांनी कामाला लागायचंही जोडीनेच, असं ते काकूंना म्हणाले. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. मला पुढच्या डाव्या कोपऱ्यात बसवलं आणि जोडीदाराला मागच्या. मध्ये अख्खी गाडी. त्यानंतर आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

तरी सोबत तुटली नाही, मित्रांनो. गाडीत डॅशबोर्डखाली एक छोटी डबी असते. सिग्नल लावला की टिक-टिक करते ती हीच. तिच्यावर आम्हा दोघांचं ओझं असतं, म्हणून ती सावकाश चालते आणि आम्ही दोघं एका ठेक्यात लागतो, विझतो. दोन टाळकऱ्यांनी एकमेकांकडे न बघता एकच ताल धरावा, तसं. ठेका ऐकला की मला कळायचं, मागे तो आहे.

मालकांची आणखी एक सवय होती. सकाळी ते लाल त्रिकोणाचं बटण दाबायचे. चारही कोपरे एकदम लुकलुकायला लागले की ते गाडीभोवती एक फेरी घालायचे, सावकाश, देवाला घालावी तशी. काकू वरच्या मजल्यावरून हसायच्या, म्हणायच्या, आता तिला नारळ तेवढा वाढवा. मालक मागे पोचले की थांबायचे आणि म्हणायचे, ‘‘आहेस ना?’’ ते माझ्या जोडीदाराला विचारायचे. पुढे असल्यामुळे मला कुणी कधी विचारलं नाही, आणि मला त्याचा थोडा हेवाही वाटायचा. खरं सांगायचं तर गाडीतल्या सगळ्यांनाच कसला ना कसला हेवा असतो. वायपर आपसात भांडतात, आणि हॉर्नला वाटतं की गाडी त्याच्यामुळेच चालते.

अशी नऊ वर्षं गेली. मग मालक गेले. फेरीही गेली.

आता दुसऱ्या माणसाची ओळख करून देतो. मालकांचा धाकटा भाऊ, काकूंचा दीर. तो घड्याळं दुरुस्त करायचा. खालच्या मजल्यावर, फाटकाला लागून असलेल्या खिडकीत त्याचं टेबल होतं. डोळ्याला भिंग लावून तो सकाळपासून घड्याळांची नाडी बघत बसायचा. कान इतका तयार की न उघडता सांगायचा, हे घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. गाडी आपल्याकडे येणार असं तो धरून चालला होता. पण काकूंनी बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकून घेतली आणि शाळेच्या सहा मुलांना ने-आण करायचं काम धरलं. त्यात दिराची लेक चिऊही होती, कारण चिऊला काकूंशिवाय कुणाबरोबर जायचंच नव्हतं.

दिराला हे फार झोंबलं. वर्षभरात ही गाडी भंगारात जाईल, असं त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून ठेवलं. स्कूटर तो मुद्दाम फाटकासमोर आडवी लावायचा. काकू हॉर्नवर हात ठेवून बसायच्या. तो भिंग न काढता येऊन स्कूटर वीतभर सरकवायचा. काकू काच खाली करून विचारायच्या, ‘‘भावजी, घरातल्या घड्याळात सात वाजलेत, तुमच्यात किती?’’ तो म्हणायचा, ‘‘वहिनी, तुमची गाडी निघाली की मी बारा धरतो.’’ हसण्यावारी न्यावं असं काही त्यात नव्हतं. मी फाटकापाशी रोज डावीकडचा सिग्नल देत उभा असायचो, आणि त्या दोघांच्या नजरा माझ्यावरून जायच्या. थंडीत काच तडकावी तशा नजरा होत्या त्या.

एका सकाळी फाटकापाशी काकूंनी सिग्नल लावला आणि डबी धावत सुटली. टिकटिकटिकटिक. मी घाबरून तिच्यामागे फडफडत राहिलो. मला कळलं. मागच्या दिव्याच्या काचेचं रबर चिरलं होतं, आत पाणी जायचं, गंज चढला होता. त्याची तार तुटली होती. आमच्यातला एक गेला की डबीवरचं ओझं निम्मं होतं, म्हणून ती दुप्पट पळते. ती घाई म्हणजे आमची हाक असते: मागे बघा, एक जण गेला. पण ती हाक ओळखणारे मालक नव्हते.

काकूंनी उतरून पाहिलं, ते पुढून. पुढे मी दिसलो, वेड्यासारखा फडफडणारा. झालं. दोष माझ्यावर आला. दुकानदाराला त्यांनी सांगितलं की पुढचा दिवा बिघडलाय, आणि दुकानदाराने पुढचा दिवा दिला. मालकांची रीत त्यांनी बघून बघून उचलली होती: किल्ली खिशात, रुमाल हातात, दाबा, फिरवा. हात अगदी बरोबर चालले, फक्त ते चुकीच्या कोपऱ्यात चालले. धडधाकट मी बाहेर आलो आणि मेलेला जोडीदार जागेवर राहिला. टाकून देण्याआधी काकूंनी मला उजेडात धरलं. मालकांनी बसवलेला दिवा, म्हणून टाकायला त्यांचा जीव झाला नाही. जुन्या रुमालात गुंडाळून मला डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं.

नवा दिवाही तसाच फडफडला. काकू वैतागल्या आणि मग त्यांनी सोडून दिलं. म्हातारी गाडी आहे, लागली असेल तिला घाई, असं मुलांना म्हणाल्या. मुलांना तर खेळच मिळाला. सिग्नल लागला की सहाही जण त्या घाईच्या टिकटिकीवर टाळ्या वाजवायचे. मी कप्प्यात पडून ऐकायचो. कुणाच्या मरणावर टाळ्या पडाव्यात आणि वाजवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसावं, याहून वाईट काय असतं ते मला माहीत नाही.

महिना गेला. दीर दुरुस्त केलेली घड्याळं दुकानांत पोचवायला निघाला होता, आमच्या मागोमाग. काकूंच्या आधी कोपरा गाठायचा हा त्याचा रोजचा हट्ट. शाळेच्या गल्लीत वळायला काकूंनी सिग्नल लावला, मुलांनी टाळ्या धरल्या, गाडी डावीकडे वळली. त्याच क्षणी तो डावीकडून पुढे घुसत होता. स्कूटर मागच्या दारावर आदळली. त्याचा गुडघा फुटला. घड्याळांची पेटी रस्ताभर सांडली. मागच्या डाव्या खिडकीच्या काचेला जाळं पडलं, आणि त्या जाळ्याच्या आत चिऊ बसली होती. तिला खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण ती रडलीही नाही, नुसती काचेकडे बघत राहिली.

मग रस्त्यात जे झालं ते सांगताना मला लाज वाटते. रक्त थांबवायच्या आधी भांडण सुरू झालं. सिग्नल दिला नाही, असं तो ओरडला. दिला, मुलांना विचारा, असं या ओरडल्या. समोरून येणारा पोस्टमन म्हणाला, दिला, मी डोळ्यांनी पाहिला. मागचा दूधगाडीवाला म्हणाला, काही नव्हतं, मीही डोळ्यांनीच पाहिलं. गर्दीचे दोन भाग झाले, आणि दोन्ही भाग शपथेवर खरं बोलत होते. पुढे उभं राहिलेल्यांना उजेड दिसला होता आणि मागे असलेल्यांना अंधार. गाडीला एक फेरी घालावी एवढं कुणाला सुचलं नाही.

शाळेने काकूंचं काम थांबवलं. शनिवारी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मुलांच्या मोठ्या बाईंनी, सगळ्यांना शाळेच्या अंगणात बोलावलं. काकूंची चूक ठरली तर मुलं त्या गाडीत पुन्हा बसणार नव्हती. दीर काठी टेकत, नवा पांढरा सदरा घालून आला होता. काकू त्याच्याकडे न बघता म्हणाल्या की काही जण लग्नाला आल्यासारखे आलेत.

मोठ्या बाईंनी सिग्नल लावायला सांगितला. पुढे उभ्या असलेल्या पालकांना नारिंगी दिवा दिसला. काकूंनी मान ताठ केली.  मोठ्या बाई चालत चालत गाडीच्या मागे गेल्या, आणि मालक गेल्यानंतर दोन वर्षांनी कुणीतरी त्या जागी थांबलं.

‘‘इथे काहीच लागत नाहीये,’’ त्या म्हणाल्या.

शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने पेचकस आणून मागची काच काढली. आतून गंजाचं पाणी सांडलं आणि माझा जोडीदार बाहेर आला, काळवंडलेला. काकूंच्या मानेतला ताठा गेला. मागे जाऊन मी एकदाही बघितलं नाही, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांचं काम गेल्यात जमा होतं.

दिराने तिथेच गप्प राहायला हवं होतं. पण सिग्नल बंद करायचा राहिला होता आणि त्या शांत अंगणात डबी पळत होती, टिकटिकटिकटिक. कारागिराला आपला कान मिरवल्याशिवाय राहवत नाही. ही गाडी किती मोडकळीला आलीय ते आणखी ठसवावं म्हणून तो म्हणाला, ‘‘ऐका, ठोका दुप्पट आहे. महिना झाला बदलून. फाटकापाशी रोज ऐकतोय मी.’’

 काकू त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, ‘‘भावजी, मला कळत नव्हतं. तुम्हाला महिनाभर कळत होतं. आणि चिऊ मागे बसते.’’

 पालकांच्या घोळक्यात आईचा पदर धरून उभी असलेली चिऊ बापाकडे बघत होती, परवा काचेकडे बघितलं होतं तशी.

मागे न बघणं ही चूक, पण ती सुधारता येते, असं म्हणून मोठ्या बाईंनी निकाल दिला. गाडी सोमवारपासून येईल, पण मुलं बसण्याआधी काकूंनी रोज, सगळ्यांच्या देखत, गाडीला एक फेरी घालायची. दिराला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. काही माणसांना न बोलणं हीच शिक्षा पुरते.

ड्रायव्हरने विचारलं, आत्ता दुसरा दिवा आहे का? काकूंनी कप्पा उघडला, रुमाल सोडला. ड्रायव्हरने खाचेतला गंज घासकागदाने घासला, मला दाबलं, फिरवलं. ज्याला मी अकरा वर्षं पाहिलं नव्हतं त्याच्या जागेत मी बसलो. ती अजून ओली होती. सिग्नल लागला, आणि डबी सावकाश झाली. टिक. टिक. टिक. अंगणातल्या मुलांनी सवयीने धरलेल्या टाळ्या चुकल्या.

आता सगळं गोड झालं असेल असं तुम्हाला वाटत असेल, मित्रांनो. तसं नाही झालं. स्कूटर दुरुस्त होऊन आली आणि पुन्हा आडवी लागली. काकू हॉर्न वाजवतात. एवढंच की फाटकाजवळची ती खिडकी आता बंद असते, उन्हाळ्यातसुद्धा. चिऊ बापाशी हवं तेवढंच बोलते. काकू मात्र रोज फेरी घालतात, माझ्यापाशी थांबतात आणि विचारतात, ‘‘आहेस ना?’’ ज्या प्रश्नाचा मला हेवा वाटायचा तो आता माझ्या वाट्याला आला आहे, आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्याचाच वाटतो.

म्हणून एवढंच मागतो. कुठे अशी घाईची टिकटिक कानावर आली, तर फडफडणाऱ्याला बोल लावू नका. गाडी कुणाचीही असो, ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याची असली तरी, सांगा त्याला. उतरा, मागे जा, वाकून बघा. तिथे अंधार असेल तर नवा दिवा लावण्याआधी क्षणभर थांबा आणि माझ्या जोडीदाराची आठवण काढा. तो अकरा वर्षं मागे उभा राहून मागच्यांना सांभाळत होता, आणि गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.