ओंकारचं मत आणि जिन्यातला बाक

मी एक जुना लोखंडी बाक आहे, मित्रांनो. नगरमध्ये, सावेडीतल्या एका तीन मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये, मोडक्या सायकलींच्या शेजारी पडून असतो. पण माझी खरी जागा ही नव्हे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधला जिन्याचा टप्पा, ती माझी जागा.

मला छगनरावांनी घडवलं. ते एमआयडीसीत वेल्डर होते. दम्यामुळे त्यांना जिना चढवेना, म्हणून उरल्यासुरल्या पट्ट्या जोडून त्यांनी मला बनवलं, हिरवा रंग दिला आणि शेजाऱ्यांना विचारून जिन्यात ठेवलं. इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे माझा भाव भलताच वधारला. गॅसवाला माझ्यावर सिलिंडर टेकवायचा, मुलं गृहपाठ उरकायची, रुसलेल्या सुना घटकाभर बसून जायच्या. कौतुक ऐकून मी फुगायचो, खोटं कशाला सांगू!

मग छगनराव गेले आणि मी त्यांच्या बायकोचा, झुंबरबाईंचा झालो. त्यांचे गुडघे पार कामातून गेलेले. भाजीची पिशवी घेऊन माझ्यापर्यंत आल्या की धप्पकन बसायच्या, "आलं बाई माझं ठेसन" म्हणायच्या आणि दम खाऊन उरलेला जिना चढायच्या. मी नसतो तर त्या घराबाहेर पडल्याच नसत्या.

आमच्याकडे एक रीत होती. वर्षाची सभा पार्किंगमध्ये भरायची. लोक घरून खुर्च्या आणायचे, पण सेक्रेटरींना बसायला मला खाली उतरवायचे. सभा संपली की दोघं जण मला पुन्हा वर ठेवायचे. गेल्या उन्हाळ्यातही मी असाच मिरवत खाली आलो. सेक्रेटरी कानिफनाथ ऐसपैस माझ्यावर बसले आणि म्हणाले, "जिन्यातलं बाकडं काढायचं. माझा नवा सोफा तिथं अडकला. उद्या कुणाला स्ट्रेचरवरून न्यायचं झालं तर काय करणार?"

माझ्यावरच बसून माझीच शिक्षा! माणूस तसा वाईट नव्हता, आणि स्ट्रेचरचं बोलणं काही खोटं नव्हतं. तरी मला त्यांचा राग आला.

झुंबरबाई कशाबशा उठल्या. "कानिफ, मी चढू कशी रं? मला घरात कोंडून घालतो का?"

"मावशी, मतदान घेऊ. मग तर झालं?"

हात वर झाले. ठेवा म्हणणारे पाच, काढा म्हणणारे तीन. झुंबरबाईंचाही हात वर होता, पण तो मोजला नाही. छगनरावांच्या माघारी घर मुलाच्या, ओंकारच्या नावावर झालं होतं आणि तो पुण्याला असतो. तरी पाच म्हणजे पुष्कळ झाले. मी सुटलो असं म्हणतोय, तोच कानिफनाथांनी खिशातून तीन कागद काढले. बाहेरगावी राहणाऱ्या मालकाने सही करून आपलं मत दुसऱ्याच्या हाती द्यायचं, असा आमच्या इमारतीचा नियम आहे.

"ही तीन मतं माझ्याकडं आहेत. गोरक्षनाथ, पंकज आणि ओंकार."

"आमचा ओंकार?" झुंबरबाई मटकन खाली बसल्या.

पहिल्या मजल्यावरच्या जयमालाबाई तडक उभ्या राहिल्या. "त्याला विषय तरी माहीत आहे का?"

"ग्रुपवर टाकलाय की. रंगकाम आणि जिन्याचं काम."

"मग त्याच्या आईला फोन तरी लावू द्या."

झुंबरबाईंनी फोन स्पीकरवर लावला. रिंग वाजत राहिली. कुणी खुर्चीसुद्धा सरकवेना.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे गं."

"आरं, त्या बाकड्याचं..."

"कानिफकाकांना सही दिलीये ना मी. ते करतील ते बरोबरच असेल. ठेवू?"

त्याने ठेवलाच. झुंबरबाईंनी पुन्हा लावला, तो उचलला गेला नाही. कानिफनाथांनी ओंकारचा कागद उचलून पुन्हा वाचला. वाटलं, तो एक कागद ते खिशात परत ठेवतील. मग घसा खाकरून म्हणाले, "सहा विरुद्ध पाच."

सभा उठली. खुर्च्या घरोघर गेल्या. मला वर न्यायला कुणी हात लावला नाही.

दिवाळीला ओंकार आला. आईला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. जिन्याआधी झुंबरबाई माझ्यापाशी थांबल्या, पदराने धूळ पुसली आणि बसल्या.

"आई, हे बाबांचं बाकडं ना? खाली कुणी आणलं?"

"तू."

"मी?"

"व्हय. पाच जन ठेवा म्हनत हुते. तुझ्या सहीनं काढा म्हननारे सहा झाले."

त्याने मला उचलायला हात घातला, मग आपणच काढून घेतला. ठराव झालेला, आता पुढच्या सभेशिवाय मी हलायचा नाही. "मी स्वतः येईन," असं तो म्हणाला. येईल का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, लांब राहणाऱ्याने आपलं मत दुसऱ्याच्या हाती दिलं तर त्यात पाप नाही. पण सही करण्याआधी विषय विचारा. आणि तुमच्या घरातलं जे माणूस रोज तो जिना चढतं, त्याला तर आधी विचारा.

झुंबरबाई आता भाजीला उतरत नाहीत. गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात. भाजीवाला ती भरतो. इथून मला ती वर जाताना दिसते. तिला मध्ये कुठे टेकावं लागत नाही.