अंजारची देवी घाटकोपरला

"बघा, बघा, नाक दिसायला लागलं!"

कोणीतरी ओरडलं आणि घाटकोपरच्या टेकडीखालचं आमच्या चाळीचं अख्खं पटांगण गुडघ्यांवर आलं. काल मातीतून देवीचा फक्त मुकुट डोकावत होता. आज कपाळ, डोळे आणि खरोखरच नाक. नुकतेच चाळीत उगवलेले कंपनाथ महाराज हात उंचावून गरजले, "अंजारात आईचं देऊळ पडलं! ती पाताळातून चालत तुमच्या दारी आली! पाणी घाला, दमलीय माझी आई!"

लोक तांब्यांवर तांबे ओतत होते. अंजारहून जमिनीखालून घाटकोपरला यायचं तर वाटेत अख्खा समुद्र लागतो. पण देवीला तहान लागली ती नेमकी आमच्या पटांगणात.

छप्पन्न सालचा श्रावण होता. नुकताच कच्छात भूकंप होऊन अंजारची घरंच्या घरं कोसळली होती. सरकार मदत गोळा करत होतं आणि शनिवारी आमचं सामान न्यायला लॉरी येणार होती. चाळीच्या मदत समितीचा चिटणीस श्यामकांत, माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची बायको मालन दारोदार फिरून मूठ मूठ कडधान्य मागायची. ज्याच्या डब्यात जे असेल ते. वाल, हरभरे, चवळी, वाटाणे, सगळं एकाच गोणीत. गोणी, घोंगड्या, भांडी श्यामकांतच्या माळ्यावर कुलपात होती.

महाराजांसाठी पत्र्याचा मांडव श्यामकांतनेच उभारला. आईला म्हणे पावसाचं पाणी चालत नव्हतं, भक्तांच्या हातचंच हवं होतं. मग फर्मान सुटलं: सामान लॉरीत चढलं तर आई कोपेल आणि घाटकोपर हादरेल. घोंगड्या आईच्या चरणी वाहा!

तळमजल्यावरच्या कच्छी हीरबाई माझ्या दारात आल्या. "मास्तर, माझ्या बहिणीची पोरं पावसात उघड्यावर निजतात. घोंगड्या जातील ना?"

मी श्यामकांतला गाठलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना नंदू. लोकांच्या श्रद्धेत कशाला पडतोस? लॉरी काय, परत येईल." मला वाटलं, बिचारा भोळा आहे, फसलाय. मला त्याची कीवसुद्धा आली.

शनिवारी सकाळी मांडवाजवळ आंबूस वास आला. फडक्यात बांधलेली मोडाची उसळ विसरली की स्वयंपाकघरात येतो, अगदी तसा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी मुलांसमोर बाटलीत वाटाणे आणि पाणी भरून बूच घट्ट बसवतो; वाटाणे फुगतात आणि बाटली तडकते. माझी ट्यूब पेटली. लॉरी दारात उभी होतीच. मी कुदळ घेऊन मांडवात शिरलो.

"हात झडेल!" महाराज किंचाळले.

"झडला तर तुम्ही चिकटवा. एवढे चमत्कार करता, हा काय मोठा!"

चार घाव घातले आणि मूर्ती आडवी झाली. खाली खड्डाभर टरारून फुगलेलं कडधान्य. "हे तुमचं पाताळ!" मी ओरडलो. "खड्ड्यात कोरडं धान्य, त्यावर मूर्ती, वर भुसभुशीत माती. तुम्ही पाणी ओतलंत, धान्य फुगलं आणि मूर्ती वर सरकली. देवी आली नाही, तुमची उसळ भिजली!"

लोक हसले. त्या गडबडीत महाराज मागच्या मागे सटकले.

मालन मात्र खड्ड्याशी बसली. तिने मूठभर धान्य उचललं. त्यात वाल होते, हरभरे होते, चवळी होती, वाटाणे होते. असली सरमिसळ कुठला वाणी विकतो?

"ही माझी गोणी," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "कुलपाची चावी तुमच्याकडेच होती ना?"

श्यामकांतने तिच्याकडे पाठ फिरवली. मला बाजूला ओढून कुजबुजला, "अरे, इथे देऊळ झालं असतं. महाराज निघून जाणार होते, विश्वस्त आपण! तुझंही नाव घातलं होतं मी. भूकंप काय यार, महिन्याभरात विसरतात लोक."

माझं नाव! शिवी दिली असती तर एवढी लागली नसती. मी त्याचा हात झटकला. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही.

मालनने हात पुढे केला. त्याने खिशातून चावी काढून दिली. बायकांनी घोंगड्या लॉरीत चढवल्या. धान्य मात्र नासलंच. हीरबाई खड्ड्याकडे बघत म्हणाल्या, "एवढ्यात तिकडे किती चुली पेटल्या असत्या." कोणालाच त्यांच्याकडे बघवेना. तरीही जाता जाता दोघातिघांनी आडव्या मूर्तीला नमस्कार केलाच!

नमस्कार करायचा तर करा, माझी ना नाही. पण जमिनीतून काही वर येताना दिसलं तर पाणी ओतू नका, आधी खणा. बुवा परका असतो, तो एकदा पळाला की संपलं. त्याला धान्य पुरवणारा आपल्यातलाच असतो, आणि त्याला जाब विचारायला आपली जीभ रेटत नाही. तिथेच विचारा.