डावीकडे वळणारा देव

"चालला! देव चालला!" रिहे गावच्या देवळात एकच गलका उडाला. पांढऱ्या फरशीवरून हातभर लांबीची चांदीची पालखी आपोआप पुढे सरकत होती. ना भोई, ना दोरी. वर देवाच्या पादुका, खाली जमिनीला टेकलेली मखमली झालर. बायकांनी पदर पसरले, शिकलेल्यांनी मोबाइल काढले.

"बघा, भक्तहो!" पाऊलबाबा गरजले. "विज्ञान थकतं तिथे आमचं पाऊल पडतं! देव बॅटरीवर नाही, भावावर चालतो!" कोणत्या भावावर, ते रिह्यातल्या जमिनी विकणाऱ्यांना विचारा.

बाबांना आश्रमाला जागा हवी होती, आणि ती कुणी द्यायची हे देवच दाखवणार होता. बाबांनी फरशीवर गाभाऱ्यापासून काळ्या बुक्क्याची वाट आखली होती. तिला पुढे तीन फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक मानकरी. देवाच्या डाव्या हाताला धनगरांचा मान, पिढ्यान्‌पिढ्यांचा. तिथे गेणू हात जोडून बसला होता. मेंढरं बसवायला त्याच्याकडे एकुलता एक माळ. पालखीने तीन हिसके दिले, डावीकडे वळली आणि त्याच्यापुढे थांबली.

"पहिला कौल!" बाबा म्हणाले. रीतीप्रमाणे कौल तीनदा घ्यायचा होता.

गेणूची चौथीतली सोनिया त्या तीन हिसक्यांपाशीच अडकली. ते तिच्या ओळखीचे होते. वर्षभर दर शनिवारी आयटी कंपनीतले शेखर सर शाळेत रोबोट आणि कोडिंग शिकवायला यायचे. सोनियाने बनवलेली गाडी काळी रेघ धरून चालायची. प्रोग्राममध्ये एक चूक राहिली होती: फाटा आला की गाडी तीन हिसके देऊन कायम डावीकडेच वळायची. "राहू दे, ती तुझी सही समज," सर हसून म्हणाले होते. मग स्पर्धेसाठी म्हणून ते गाडी पुण्याला घेऊन गेले. दोन महिने ती विचारत होती आणि सर सांगत होते, "निकाल लागायचाय."

सर डाव्या अंगाच्या खांबाशी उभे होते. सोनियाने त्यांच्याकडे पाहिलं, तशी त्यांनी मान खाली घातली. घरात कुणाला सांगायच्या आधी जे ती सरांना सांगायची, ते सगळं तिला आठवलं.

दुसरा कौलही डावीकडेच लागला. बाबांच्या शिष्याने माळ दान केल्याचा कागद आणि शाईचा पॅड गेणूपुढे ठेवला आणि पालखी आणायला गेला. तेवढ्यात सोनियाने ताटातला मूठभर बुक्का उचलला. तीन फाटे फुटायच्या अलीकडून तिने डावीकडे नवी वाट काढली, थेट सरांच्या पायांपर्यंत.

"बाजूला काढा त्या कार्टीला!" बाबा ओरडले.

"असू द्या की, बाबा," उजव्या फाट्याचे मानकरी दादासाहेब पाटील म्हणाले. "देव हाय न्हवं? चुकंल कसा?"

तोवर शिष्याने पालखी रेघेवर टेकवली होती. ती निघाली, नव्या फाट्याशी तीन हिसके देऊन वळली आणि शेखर सरांच्या पायांवर धडकली.

दादासाहेबांनी झालर वर केली. चाकं, बॅटरी आणि पट्टीवर स्केचपेनने लिहिलेलं नाव: सोनिया गेणू मरगळे, इयत्ता चौथी.

"ह्याचं डोळं खाली उजेड पाडत्यात," सोनिया रडत रडत सांगू लागली. "पांढरी फरशी त्यो परत धाडती, काळा बुक्का गिळतो. त्येवढंच ह्याला कळतं. देव कळत न्हाई, माणूस कळत न्हाई. डावीकडं वळतो ती माझी चूक हाय. आन् देवळात आमी डावीकडं बसतो, ह्ये मीच सरांना सांगितलं व्हतं."

"सोनिया, बाबा इतकं करतील असं मला..." सर पुटपुटले.

"सर, चूक दिसली की लगेच सांगायची, आसं तुमीच म्हणायचा."

बाबा मागच्या दाराने निसटत होते, त्यांना पोरांनी धरून ठेवलं. गेणूने अंगठा न लावता कागद फाडला.

मंडळी, देवाला हात जोडा, कुणाची ना नाही. पण देव चालू लागला, की जोडायच्या आधी एका हाताने झालर उचलून बघा. चौथीतल्या पोरीला जमतं, ते आपल्याला का जमू नये?

सोमवारी शाळेत सोनियाने प्रोग्राम उघडला आणि ती चूक पुसून टाकली. तसली सही तिला आता नको होती.