व्होग्यू टेलर्स

दिग्रसच्या शाळेत मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. माझ्या इंग्रजीबद्दल गावात आदर आहे, आणि तो पसरवण्यात सर्वांत मोठा वाटा माझाच आहे.

म्हणून नौशाद टेलरने नव्या दुकानासाठी इंग्रजी नाव मागितलं, तेव्हा मी लगेच ‘व्होग्यू’ सुचवलं. अर्थही समजावला: सध्या ज्या फॅशनची चलती आहे ती. एकेकाळी बेलबॉटम ‘इन व्होग्यू’ होती, आता नाही. पेंटर आला तेव्हा मी स्वतः उभा राहून बोर्डावर मराठीत अक्षरं काढून घेतली.

दिवाळीत माझी मुलगी गुंजन अमरावतीहून आली. ती तिथे फॅशन डिझाइन शिकते. नौशादकडे ब्लाउज शिवायला टाकून ती परतली ती हसू दाबतच.

“बाबा, तो शब्द व्होग आहे. शेवटचे यू आणि ई मुके असतात.”

मी तिला ‘आर्ग्यू’चा दाखला दिला. तिने ‘लीग’चा दिला. शेवटी तिने मोबाइलला विचारलं. मोबाइल म्हणाला, व्होग. मी आणखी तीनदा बटण दाबून पाहिलं. तो मतावर ठाम होता.

संध्याकाळी नौशादकडे गेलो. तो शर्टाला काजं करत बसला होता. चूक माझी आहे, बोर्ड मी बदलून देतो, एवढंच सांगायचं होतं. ते सांगायला मला दोन चहा लागले.

“राहू द्या सर,” नौशाद म्हणाला. “गिऱ्हाइकं व्होग्यूच म्हणून राह्यले. अर्थ तर बरोबर हाये ना?”

“अर्थ बरोबर आहे.”

“मंग बोर्ड कायले बदलाचा?”

त्याने सुईनेच रस्त्यापलीकडे दाखवलं. माझा जुना विद्यार्थी जीवन तिथे रेडिमेडचं दुकान थाटत होता. बोर्ड कालच लागला होता: न्यू व्होग्यू. म्हणजे गावात सध्या चलती होती ती माझ्या चुकीची.

सुट्टी संपल्यावर नववीच्या वर्गात मी फळ्यावर तो शब्द लिहिला, खरा उच्चार सांगितला, आणि इतकी वर्षं चुकीचा शिकवला हेही सांगून टाकलं. वर्ग एकदम शांत झाला. मुलांना धक्का बसला असणार, असं मला वाटलं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

“सर, स्पेलिंग तेच हाये ना?”

“तेच आहे.”

वर्गाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि पुढचं पान उलटलं.