माझ्यासाठीची सभा मीच बोलावली

मी वाल्सेका गावची घंटा बोलतेय. दचकू नका. बार्सिलोनाच्या या कारखान्याच्या अंगणात उलटी पडलेली, पाठीवर खडूने एकशे बारा आकडा लिहिलेली, तीच मी. आजूबाजूला गावोगावच्या घंटा पडल्यात आणि समोर भट्टी धडधडतेय. पण मी रडगाणं गाणार नाही. मी गावाच्या ठरावाने इथे आलेय, आणि त्या ठरावाची सभा मीच बोलावली होती.

माझा जन्म आमच्या चर्चच्या अंगणातला. तिथेच खड्डा खणून मला ओतलं. तांबं कमी पडलं, तेव्हा गावच्या बायकांनी आपापल्या कढया आणून भट्टीत टाकल्या. काठावर नाव मात्र कोरलं जमीनदाराचं, 'यांनी अर्पण केली' म्हणून! माणसांची ही रीत मला पहिल्याच दिवशी कळली.

जमीनदाराच्या घरचं कुणी गेलं की मी तासभर वाजायची. मजूर गेला तर दोन ठोके. उन्हाळ्यात काळा ढग दिसला की मला जोरजोरात वाजवत, म्हणजे गारा पांगतात म्हणे. ढगाला काय वाटायचं, मला ठाऊक नाही. मी आपली वाजायची.

माझा दोर होता ओरोसियाच्या हातात. बापाकडून तिच्याकडे आलेला. तिचा नवरा होआकिन शेतमजूर, पक्का अराजकवादी. मालक नको, पाद्री नको, सरकारही नको म्हणणारा. लोक चिडवायचे, "काय रे होआकिन, बायको चर्चची घंटा वाजवते, आणि तू देव मानत नाहीस?"

"देव नसला म्हणून काय झालं? त्याचा दोर तर आमच्याच घरात आहे!" तो हसायचा.

एकोणीसशे तेहतीस साली अराजकवाद्यांच्या उठावात शिपायांनी त्याला गोळी घातली. पाद्र्याने ओरोसियाला बजावलं, "त्याच्यासाठी एकही ठोका पडता कामा नये." ती माझ्याखाली आली, दोर हातात घेतला, कितीतरी वेळ धरून उभी राहिली, आणि सोडून दिला. तिने ऐकलं. ते ऐकणं तिला रोज सलत राहिलं.

तीन वर्षांनी स्पेनच्या सेनापतींनी सरकारविरुद्ध बंड केलं. त्यांना अडवायला बार्सिलोनाहून अराजकवाद्यांचे लाल-काळे रुमाल बांधलेले मजूर लॉऱ्या भरून आले. पाद्री पळाला, जमीनदार त्याच्याही आधी. त्या दिवशी ओरोसिया वर आली आणि होआकिनसाठी तिने मला तासभर वाजवलं. खाली कुणी विचारलं नाही, कोण गेलं म्हणून. सगळ्यांना ठाऊक होतं.

मग चर्चचं धान्याचं कोठार झालं, शेतं एकत्र झाली, आणि मी सभेला बोलावू लागले. नियम एकच: घंटा तीनदा वाजल्याशिवाय सभा भरवायची नाही.

पुढच्या वसंतात ओरोसियाच्या लढायला गेलेल्या मुलाचं, फ्लोरेआलचं, उएस्काच्या आघाडीवरून पत्र आलं. 'आई, तोफ आहे, पण गोळे दिवसाला तीनच मिळतात.' त्याच आठवड्यात गावच्या समितीचा चिटणीस सेनॉन म्हणाला, "गोळ्यांसाठी घंटा वितळायला देऊ. सभा घ्या."

शेजारीण कुजबुजली, "ओरोसिया, आज हात दुखतोय म्हण. घंटा नाही, तर सभा नाही."

ओरोसियाने वर येऊन मला तीनदा वाजवलं.  

मला उतरवण्याच्या बाजूने एक्केचाळीस हात वर झाले, विरुद्ध अडतीस. ओरोसियाचा विरुद्ध. तिला मी हवी होते, आणि मुलाला गोळेही हवे होते. त्या रात्री तिला झोप लागली नसणार.

पण एक घोटाळा झाला. उतरवायचं ठरलं, उतरवणार कोण, हे ठरलंच नाही! कुणी कुणाला हुकूम करायचा नाही, हा तर गावाचा अभिमान. सेनॉनने विचारलं, "साथींनो, स्वखुशीने कोण चढतंय?" सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. एकाची कंबर धरली. दुसरा म्हणाला, "माझं खेचर गाभण आहे."

"खेचर कधी गाभण राहतं?" सेनॉन ओरडला, "मग तर चमत्कारच झाला! बोलवा पाद्र्याला परत!"

खरं कारण मला वरून दिसत होतं. गहू अजून शेतात उभा होता. एका दुपारी डोंगरामागून काळा ढग आला, तेव्हा धापा टाकत जिना चढून कोण आलं? सेनॉनच.

"मावशी, जरा वाजव ना."

"सभेत मी साथी ओरोसिया, आणि इथे मावशी? देव नाही म्हणतोस ना?"

"देव नाही गं. पण गारा आहेत ना!"

ती पोटभर हसली आणि वाजवत राहिली. ढग सरकला. माझ्यामुळे की वाऱ्यामुळे, कोण सांगणार?

गहू खळ्यावर आला आणि लॉरी चर्चच्या दारात उभी राहिली. पुन्हा सगळे चपला बघत उभे. तेव्हा ओरोसियाने झगा कमरेला खोचला, मोठा पाना घेतला आणि जिना चढू लागली.

"मावशी, तू तर विरुद्ध हात वर केला होतास!" सेनॉन मागून ओरडला.

"केला होता. हरले. म्हणून काय ठराव माझा नाही?"

"पण तुला कुणी सांगितलं नाही..."

ती थांबली. "तेच तर. एकदा सांगितलेलं ऐकलं होतं मी. आज कुणी सांगितलेलं नाही."

तिने पहिला नट सैल केला. मग जिन्यावर पावलं वाजली. सेनॉन आला, कंबर धरलेला आला, गाभण खेचराचा मालकही आला. सगळ्यांनी मिळून मला दोरखंडाने हळूहळू, बाळंतिणीला उतरवावं तसं खाली आणलं.

आता मजूर माझ्याकडे येताहेत. मी तयार आहे. कारखान्यातल्या साथींनो, एवढंच करा. फ्लोरेआलच्या तोफेला लागेल तेवढं घ्या. युद्ध संपल्यावर काही उरलं, तर ते वाल्सेकाला परत पाठवा. घंटा नाही जमली तर कढया करा; मी मुळात त्यांचीच आहे.

फक्त काठावर कुणाचं नाव कोरू नका.